घरचं आइस्क्रीम: सगळा खेळ पाण्याचा

फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के बाकीचे घन पदार्थ असतात. उरलेलं ८५ टक्के नुसतं पाणी. चांगल्या आइस्क्रीममध्ये मात्र पाणी साधारण ६० ते ६५ टक्केच असतं. घरी आइस्क्रीम करायचं म्हणजे मधलं हे वीस-पंचवीस टक्के पाणी हटवायचं, आणि उरलेलं पाणी इतक्या झपाट्याने गोठवायचं की त्यातले बर्फाचे कण जिभेला लागणार नाहीत. आटवणं, साखर, क्रीम, दूध पावडर, फेटणं, हँडलच्या पॉटमधल्या बर्फातलं मीठ, सगळं याच दोन कामांसाठी असतं. चमचा वाकेल पण आइस्क्रीम निघणार नाही अशी वेळ आली, तर दोष इसेन्सचा नसतो, पाण्याचा असतो.

ठाणे-नवी मुंबईत त्यात हवेची भर पडते. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्वयंपाकघर सहज ३३-३४ अंशांवर जातं आणि खाडीकडून येणारा दमटपणा वेगळाच. कृतीत 'रूम टेंपरेचरला आणा' असं लिहिलेलं असलं, तरी ती रूम घोडबंदर रोडवरची नसते. क्रीम फेटायचं काम इथे सकाळी सातच्या आत किंवा रात्री उरकावं, नाहीतर एसी असलेल्या खोलीत बसावं.

आधी फ्रीजर तपासा

आइस्क्रीम नीट जमायला आणि टिकायला फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जायला हवा. काही फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर तारे छापलेले असतात: एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. दारावरच्या वीजबचतीच्या स्टिकरवरचे तारे वेगळे, त्यांच्याशी गल्लत करू नका. पाच तारे वीजबचतीचे आणि फ्रीजर उणे १० वर अडकलेला, असं एका दाराच्या फ्रीजमध्ये सर्रास दिसतं. फ्रीजरचा थर्मामीटर मटारच्या पाकिटांमध्ये खोचून रात्रभर ठेवला की खरं काय ते कळतं. थर्मामीटर नसेल तर विकतच्या आइस्क्रीमचा कप रात्रभर ठेवा. सकाळी चमचा लोण्यात जावा तसा आत गेला, तर फ्रीजर उणे १८ पर्यंत पोचत नाही.

एका दाराचा फ्रीज असेल तर आदल्या दिवशी डिफ्रॉस्ट करा. भिंतीवर साचलेला भुसभुशीत बर्फ गोधडीसारखं काम करतो, थंडावा डब्यापर्यंत येऊच देत नाही. मग नॉब सर्वांत थंडवर ठेवा आणि कप्प्याच्या तळाला टेकेल असा पसरट अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टीलचा डबा वापरा. प्लास्टिकच्या खोल डब्यापेक्षा यात मिश्रण खूपच लवकर गोठतं, आणि लवकर गोठलं की कण बारीक राहतात. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही, कारण फ्रीजर अधूनमधून स्वतःच थोडा गरम होऊन बर्फ वितळवतो. आइस्क्रीमला हे मानवत नाही. डबा मागच्या बाजूला, खाली, गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये ठेवा, दाराजवळ तर मुळीच नको. एका वेळी लिटर-सव्वा लिटरच लावा. वाढदिवसासाठी तीन लिटर एकदम भरले की तिन्ही रेंगाळत गोठतात.

रोजचा बेस

यातून सुमारे सव्वा लिटर आइस्क्रीम होतं.

फुल क्रीम दूध ५०० मिली
साखर १२५ ग्रॅम
दूध पावडर २० ग्रॅम
कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम
जीएमएस पावडर ५ ग्रॅम
सीएमसी पावडर १ ग्रॅम
फ्रेश क्रीम (२५ टक्के स्निग्धांशाचं) २०० मिली
चिमूटभर मीठ

जीएमएस आणि सीएमसी केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. दोन्ही पांढऱ्या पावडरी, पण कामं वेगळी. जीएमएस स्निग्धांश आणि पाणी यांची सांगड घालतं, त्यामुळे फेटताना हवा धरून ठेवली जाते. ते स्निग्ध पदार्थापासूनच बनतं, म्हणून घरात शाकाहाराचा कटाक्ष असेल तर पाकिटावरची हिरवी खूण बघून घ्या. सीएमसी हा डिंकासारखा प्रकार आहे. तो मोकळं पाणी धरून ठेवतो आणि बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. पुष्कळ कृतींत जीएमएस एक-दोन मोठे चमचे सांगितलेलं असतं. त्याने आइस्क्रीम फुगतं खरं, पण टाळूला मेणासारखा थर लागतो आणि हलकीशी साबणाची चव येते. या दोन वस्तूंसाठी सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घ्याच. १ ग्रॅम सीएमसी म्हणजे साधारण पाव चहाचा चमचा, आणि अर्धा चमचा पडला की आइस्क्रीमची तार निघायला लागते.

सीएमसी कधीही थेट दुधात टाकू नका, गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. साखर, दूध पावडर, सीएमसी आणि जीएमएस कोरडंच एकत्र कालवून घ्या. ५० मिली थंड दूध कॉर्नफ्लोअरसाठी बाजूला काढा. बाकीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात कोमट झालं की कोरडं मिश्रण एका हाताने भुरभुरवत दुसऱ्या हाताने रवीने किंवा व्हिस्कने घोटा. जीएमएस ६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे कोमट दुधात ते नुसतं तरंगत राहिलं तर घाबरू नका. उकळी आली की कॉर्नफ्लोअरचं दूध ओता आणि मंद आचेवर ४-५ मिनिटं सतत ढवळा. चमच्याच्या पाठीवर ओढलेली बोटाची रेघ मोडली नाही की गॅस बंद करा. शेवटी मीठ घाला.

आता घाई करायची ती निववण्याची. परातीत गार पाणी आणि बर्फ घेऊन त्यात पातेलं ठेवा आणि ढवळत राहा. ढवळलं नाही तर साय धरते आणि तिचे फाटे पुढे आइस्क्रीममध्ये कागदासारखे लागतात. आपल्या हवेत दुधाचं मिश्रण ओट्यावर तासन् तास ठेवणं धोक्याचं आहे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. गार झालं की झाकून फ्रीजच्या खालच्या भागात किमान चार तास, जमलं तर रात्रभर ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग 'फुललंच नाही' म्हणतात. या वेळात स्निग्धांशाचे कण घट्ट होतात आणि सीएमसी पूर्ण भिजतं. त्यानंतरच मिश्रण हवा धरतं.

थंडगार मिश्रण पसरट डब्यात ओतून ५-६ तास फ्रीजरमध्ये ठेवा. कडा घट्ट आणि मधोमध थोडं मऊ, अशा अवस्थेत बाहेर काढायचं. पूर्ण दगड होऊ दिलं तर बीटरची मोटर रडते. सुरीने तुकडे करून फ्रीजरमध्ये आधीच ठेवलेल्या मोठ्या भांड्यात घ्या, दोन मिनिटं कमी वेगावर फोडा, मग फ्रीजमधलं थंड क्रीम आणि इसेन्स घालून ६ ते ८ मिनिटं जास्त वेगावर फेटा. मिश्रण पांढरं पडतं, फुगतं आणि बीटर उचलल्यावर जाड पट्टीसारखं खाली येतं. तिथे थांबा. भांडं बाहेरून घामेजून कोमट लागायला लागलं तर फेटणं चालू ठेवू नका, पंधरा मिनिटं परत फ्रीजरमध्ये ढकला.

हँड बीटर नसेल तर मिक्सरवर भागेल, पण पूर्ण नाही. मिक्सरचं पातं कापतं जास्त आणि हवा कमी भरतं, शिवाय भांडं तापतं. थोडं थोडं घेऊन २०-३० सेकंदांचे झटके द्या. असं आइस्क्रीम कमी फुगतं, म्हणजे थोडं घट्ट होतं, बाकी चवीला काही कमी नसतं.

डब्यात भरल्यावर पृष्ठभागाला चिकटेल असा स्वच्छ प्लास्टिकचा कागद लावा आणि वरून झाकण. मधे हवा राहिली की वर बर्फाची दुलई चढते. ८-१० तासांनी तयार.

जीएमएस-सीएमसी नकोच असेल तर दूध पावडर २५ ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम करा. चालतं, मात्र चार दिवसांत संपवा. त्यानंतर खडे जाणवायला लागतात. कस्टर्ड पावडर म्हणजे रंग आणि वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच, तिच्याकडून वेगळ्या जादूची अपेक्षा नको.

कंडेन्स्ड मिल्कची झटपट पद्धत, आणि तिची अट

४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि ५०० मिली फेटलेलं क्रीम, एवढंच साहित्य. क्रीम मऊ शिखरं येईपर्यंत (बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकेल इतपत) फेटायचं, एक तृतीयांश क्रीम कंडेन्स्ड मिल्कमध्ये मिसळून ते सैल करायचं आणि उरलेलं उलथन्याने हलक्या हाताने वळवायचं. शिजवणं नाही, दुसऱ्यांदा फेटणं नाही.

अट क्रीमची आहे. दुकानात सहज मिळणारं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. त्यासाठी किमान ३० टक्के, खरं तर ३५ टक्के स्निग्धांशाचं दुधाचं व्हिपिंग क्रीम लागतं. केकवाल्यांकडे मिळणारं गोठवलेलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम सुरेख फुगतं, पण ते वनस्पती तेलाचं असतं आणि बहुतेक वेळा आधीच गोड असतं. ते वापरलं तर कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅमवर आणा, नाहीतर दोन चमच्यांनंतर खाववणार नाही. ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू सैल होऊ द्यायचं आणि थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच फेटायला घ्यायचं. ओट्यावर वितळवलं की फुगत नाही. आणखी एक गोष्ट: भारतातल्या नियमानुसार 'आइस्क्रीम' म्हणायला दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के हवा. वनस्पती तेलाचं असेल तर ते 'फ्रोझन डेझर्ट'. घरात कोणी तपासायला येणार नाही, पण विकत घेताना डब्यावर काय छापलंय ते वाचा.

हापूस

मार्च ते मे वाशीच्या एपीएमसी फळबाजारात पेट्यांच्या राशी लागतात. आइस्क्रीमसाठी देखणं फळ लागत नाही. सालीवर डाग असलेला, पूर्ण पिकलेला, मे महिन्यात उतरलेल्या भावाने मिळणारा आंबा उत्तम. फक्त कापल्यावर आत साका नाही ना ते बघा. पांढरट, स्पंजासारखा, आंबूस लागणारा तो भाग रसात गेला की अख्ख्या डब्याची चव घालवतो. पाऊस लागल्यानंतरचा पाणचट आंबा टाळा.

लोक चुकतात ते एकाच ठिकाणी. हापूसच्या रसात ८० टक्क्यांच्या वर पाणी असतं. जास्त आंबा म्हणजे जास्त चव, या हिशोबाने दोन वाट्या कच्चा रस बेसमध्ये ओतला की बर्फ जमणारच. तीन मध्यम आंब्यांचा साधारण ३५० ग्रॅम रस घ्या. त्यातला २५० ग्रॅम जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १५० ग्रॅम होईपर्यंत आटवा. आंबा चटकन बुडाला लागतो, म्हणून हात थांबवू नका. आटवल्याने पाणी जातं, पण ताज्या आंब्याचा वासही उडतो. तो परत आणायला उरलेला १०० ग्रॅम रस कच्चाच ठेवायचा. वरच्या बेसमध्ये दूध ४०० मिली, साखर ११० ग्रॅम आणि दूध पावडर ३० ग्रॅम करा. आटवलेला रस पूर्ण गार करून क्रीमबरोबर घाला, कच्चा रस फेटण्याच्या शेवटच्या मिनिटात. गरम दुधात रस कधीच नको, आंब्यातल्या आंबटपणाने दूध फाटू शकतं. फोडी घालायच्या असतील तर दोन चमचे साखर चोळून अर्धा तास ठेवा आणि सुटलेलं पाणी काढून टाका. नुसत्या फोडी डब्यात बर्फाच्या गोट्या होतात. डबाबंद पल्प वापरत असाल तर त्यात बहुधा साखर असते, लेबल वाचून बेसमधली साखर कमी करा.

बाकीची फळं, थोडक्यात

सीताफळ शिजवायचं नाही. तापवलं की कडवट होतं. मिक्सरही नको, बिया भरडल्या तर तोच कडूपणा. गर मोठ्या भांड्यात घेऊन व्हिस्कने जोरात घुसळा, बिया सुट्या होतात. मग मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढा आणि शेवटी थंडच मिसळा.

डहाणू-घोलवडचा चिकू हाताला मऊ लागेपर्यंत थांबा. अर्धवट पिकलेल्याचा तुरटपणा दुधात जास्तच जाणवतो. चिकू गोड असतो, साखर २० ग्रॅम कमी करा. शहाळ्याची मलाई घ्या, पाणी प्यायला ठेवा. अर्धी मलाई वाटून, अर्धी बारीक चिरून. ताडगोळा मात्र आइस्क्रीममध्ये काचेसारखा कडक होतो, तो वरून घालायलाच बरा. ताजं अननस साखरेबरोबर १० मिनिटं शिजवल्याशिवाय दुधाजवळ नेऊ नका. त्यातलं एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतं आणि चव कडू होते.

कुल्फी: फेटायचं नाही, आटवायचं

कुल्फीत हवा नसते, त्यामुळे पाणी कमी करायचा सगळा भार आटवण्यावर. 'निम्मं होईपर्यंत आटवा' हे डोळ्यांच्या अंदाजाने कधी जमतं, कधी फसतं. काटा वापरा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. १ लिटर फुल क्रीम दूध आटवायला घ्या, कडेची साय खरवडून आत ढकलत राहा, कालथा बुडाशी फिरता ठेवा. शेवटच्या दहा मिनिटांत ७५ ग्रॅम साखर घाला. साखर आधी घातली तर दूध लवकर बुडाला लागतं आणि रंग तपकिरी होतो. साखर विरघळल्यावर दूध परत पातळ दिसतं, ते बरोबरच आहे. पातेल्याचं वजन सोडून ६०० ग्रॅम भरलं की उतरवा. या टप्प्यावर घन पदार्थ सुमारे ३८ टक्के होतात, कुल्फी चावता येते आणि खडेही लागत नाहीत. ७०० ग्रॅमवर थांबलात तर ती बर्फाच्या कांडीकडे झुकते.

वेलदोडा आणि जाडसर कुटलेले पिस्ते थोडं निवल्यावर घाला. केशर दोन चमचे गरम दुधात आधी भिजवून. बदाम वाटून घातले तर आटवणं थोडं कमी चालतं, कारण तेही घन पदार्थच. साचे पाऊण भरा, गोठताना मिश्रण फुगतं. अ‍ॅल्युमिनियमच्या शंकूच्या साच्यांचं झाकण सैल असेल तर कणकेची वळी लावून बंद करा. सोडवताना साचा दोन तळव्यांमध्ये दहा-पंधरा सेकंद चोळायचा. गरम पाण्यात बुडवला तर बाहेरचा थर वितळून चव पाणचट होते.

पॉट

हँडलचा लाकडी पॉट अजून ज्यांच्या माळ्यावर आहे, त्यांनी तो खाली काढावा. घरच्या फ्रीजरपेक्षा तो झपाट्याने गोठवतो आणि गोठवतानाच घुसळतो. एका दाराचा फ्रीज असलेल्यांसाठी तर हाच खरा मार्ग. मीठ बर्फाचा वितळण्याचा बिंदू खाली आणतं. मीठ पडलेला बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो, ती आतल्या डब्यातून. मीठ-पाण्याचं हे मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं, पण घुसळताना उणे १० ते १२ पुरे.

दोन लिटरच्या पॉटला ५-६ किलो बर्फ आणि १ किलो जाडं मीठ लागतं. बारीक मीठ झपकन विरघळून तळाला जातं, म्हणून खडेमीठ घ्या. बर्फाची लादी मासळी बाजाराच्या आसपास मिळते. निळसर रंगाचा बर्फ खाण्याचा नसतो हे लक्षात ठेवा. तो डब्याच्या बाहेरच राहणार असला तरी एक तुकडाही आत जाता कामा नये. लादी गोणपाटात गुंडाळून लिंबाएवढे तुकडे करा.

डबा दोन तृतीयांशच भरा, मिश्रण फ्रीजमधून काढलेलं गारगार हवं. बर्फाचा चार बोटं थर, त्यावर मूठभर मीठ, असं करत डब्याच्या झाकणाच्या दोन बोटं खालपर्यंत भरत जा. झाकणाच्या वर खारं पाणी चढलं की सगळं संपलं, खारट आइस्क्रीमवर उपाय नाही. बादलीच्या बाजूचं भोक मोकळं ठेवा. पहिली पाच मिनिटं सावकाश, नंतर एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं फिरवा. हँडल जड झालं, बादली उचलायला लागली की थांबा. तरीही जोर लावत राहिलं तर लोणी निघतं. मीठ फार घातलं तर कडेला कडक पापुद्रा धरतो आणि मधे पातळच राहतं. कमी पडलं तर तासभर फिरवूनही रबडीच. आतलं पातं काढून झाकण घट्ट लावा, खारं पाणी सोडून द्या, ताजा बर्फ-मीठ भरून गोणपाटाने झाका आणि तासभर मुरू द्या. ते खारं पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांत किंवा सोसायटीच्या बागेत ओतू नका, झाडं जळतात. बाथरूममध्ये भरपूर पाण्याबरोबर सोडा आणि बादली धुऊन ठेवा, नाहीतर लोखंडी पट्ट्या वर्षभरात गंजतील.

आइस्क्रीमचं छोटं मशीन घ्यायचा विचार असेल तर आधी त्याच्या भांड्याची उंची मोजा. ते २४ तास फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं आणि एका दाराच्या फ्रीजच्या कप्प्यात ते बहुधा मावतच नाही. हलवल्यावर आतून पाण्याचा डुचमळण्याचा आवाज आला, तर ते अजून गोठलेलं नाही.

दुधाविना: जांभूळ आणि कोकम

इथे स्निग्धांश नाही, म्हणून सगळं साखरेवर. चमच्याने खाता येईल अशा सॉर्बेसाठी साखर, फळातली धरून, २५ ते ३० टक्के लागते. ५०० ग्रॅम जांभळाचा गर, १०० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम साधी बिनचवीची ग्लुकोज पावडर, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. ग्लुकोज साखरेपेक्षा कमी गोड, पण गोठणबिंदू जवळजवळ दुपटीने खाली नेतं, म्हणून गोडी न वाढवता सॉर्बे मऊ राहतं. लिक्विड ग्लुकोज ही निराळी वस्तू. ती दाटपणा देते, मऊपणा तितका नाही. गोठताना दर पाऊण तासाने काट्याने खरवडून तीन-चारदा फोडा.

कांडीसाठी एक भाग अमृत कोकम, तीन भाग पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ. आगळ घेतलं तर ते खारट असतं, त्याचा हिशोब वेगळा. थंडपणात जीभ गोडी कमी ओळखते, त्यामुळे ओतण्याआधी मिश्रण किंचित जास्तच गोड लागायला हवं.

बिघडलं तर कारण असं ओळखा

कण तोंडात लगेच विरघळले तर ते बर्फाचे. पाणी जास्त होतं, गोठणं मंद होतं किंवा डबा वारंवार बाहेर आला. कण वाळूसारखे काही वेळ जिभेवर टिकले, तर ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. दूध पावडर जास्त झाली. टाळूला तुपकट थर लागला आणि पिवळसर दाणे दिसले तर क्रीम गरम असताना किंवा फार वेळ फेटलं गेलं. जमलंच नाही, तर साखर जास्त किंवा फ्रीजर कमी. दगड झालं, तर साखर कमी किंवा हवा कमी. मधुमेहींसाठी साखरेऐवजी सुक्रालोजच्या गोळ्या घालून केलेलं आइस्क्रीम हमखास दगड होतं, कारण गोडी मिळते पण गोठणबिंदू खाली नेणारा पदार्थच गायब असतो. असा डबा खायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावा.

वासाची तक्रार आपल्याकडे नेहमीची. ज्या फ्रीजरमध्ये कोळंबी आणि ओले बोंबील आहेत, तिथे व्हॅनिलाचा निभाव लागत नाही. स्निग्ध पदार्थ वास ओढतो. मासळी दुहेरी पिशवीत बांधा आणि आइस्क्रीमचा डबा रबरी कडेच्या झाकणाचा घ्या.

वीज गेली तर फ्रीजरचं दार उघडून बघत बसू नका. वीज आल्यावर आइस्क्रीम मऊ पण अजून बर्फगार असेल, तर त्याच दिवशी दूध घालून मिल्कशेक करा. परत गोठवलं तर हवा गेलेली असते आणि खडे ठरलेले. पूर्ण वितळून कोमट झालं असेल तर टाकून द्या. बाकी घरचा डबा दहा-बारा दिवस चांगला राहतो. डब्यावर तारीख लिहा, आणि वाढताना मोठ्या डब्यातून रोज थोडं काढण्यापेक्षा सुरुवातीलाच दोन-तीन छोट्या डब्यांत भरून ठेवा, म्हणजे उघडझाक एकाच डब्याची होते.